घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. घरोघरी सात-आठ वर्षं बिनतक्रार चाललेल्या पीसींचं आता काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून सतत विचारला जातोय. यातले बरेच पीसी भंगारात जायच्या लायकीचे नाहीत असं माझं ठाम मत आहे. पण 'सगळ्यात चांगली सिस्टिम कोणती' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. त्या पीसीवर कोण बसणार, काय काम करणार आणि आत काय सामान आहे, हे आधी कळायला हवं. सिस्टिमचं नाव त्यानंतर.

विंडोज १० बंद झाली म्हणतात, पण माझा पीसी तर रोज सुरू होतोय. मग अडचण काय?

पीसी उद्याही सुरू होईल. थांबल्यात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. विंडोजमध्ये नवीन भगदाड सापडलं की मायक्रोसॉफ्ट ते दर महिन्याला बुजवत असे, ते आता साध्या विंडोज १० साठी होत नाही. पुढे हळूहळू बाकीची सॉफ्टवेअरंही साथ सोडतात. विंडोज ७ चं असंच झालं. तिचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी क्रोम आणखी तीन वर्षं चालत राहिला. २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ या दोन्हींना निरोप दिला.

विंडोज १० वाल्यांना थोडा वेळ मिळू शकतो. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. पर्याय विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो. घाईत निर्णय नको असेल तर आज हे करून ठेवा आणि पुढचं सावकाश ठरवा.

माझा पीसी नेमका किती जुना, हे कसं ओळखू?

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, आणि त्यात अबाउट उघडा. प्रोसेसरच्या नावात 'कोअर आय३' किंवा 'आय५' नंतर एक आकडा असतो, तो नीट बघा. ४००५यू असेल तर चौथी पिढी, ७२००यू म्हणजे सातवी, ८२५०यू म्हणजे आठवी. आकडा १०११० असा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक पिढी सांगतात, म्हणजे दहावी. दुकानदार 'आय५ आहे' एवढंच सांगतो, पण दुसऱ्या पिढीचा आय५ २०११ चा आणि आठव्या पिढीचा २०१७ चा. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्याच पानावर रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती मेमरी, दिसते. राहिली डिस्क. ती फिरणारी हार्ड डिस्क आहे की फिरते भाग नसलेली वेगवान एसएसडी, हे टास्क मॅनेजर या विंडोजमधल्या सोयीच्या परफॉर्मन्स भागात कळतं. या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा, खालची सगळी उत्तरं त्यांवरच आहेत.

विंडोज ११ टाकता येईल का?

रीतसर हवी असेल तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) लागतं. पुष्कळ पीसींमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. प्रोसेसर यादीत बसत असेल आणि तरी 'चालणार नाही' असा निरोप येत असेल, तर आधी बायोसमध्ये जाऊन ते चालू करून बघा. कागदोपत्री किमान रॅम ४ जीबी आहे, पण ८ जीबीपेक्षा कमी असेल तर विंडोज ११ च्या वाटेला जाऊ नका.

अटी डावलून सहाव्या-सातव्या पिढीवरही विंडोज ११ बसवता येते, आणि ती चालतेसुद्धा. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाला येणारी मोठी आवृत्ती बहुधा स्वतः हाताने चढवावी लागते. स्वतः उचापती करणाऱ्याने खुशाल करावं. ज्या पीसीवरून वडील बँकेचे व्यवहार करतात त्यावर मी हे करणार नाही. कोअर २ ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २४एच२ पासूनची विंडोज ११ सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरना कळत नाहीत.

सिस्टिम बदलली की पीसी पळायला लागेल का?

थोडा फरक पडेल. पण पीसीत अजून हार्ड डिस्क फिरत असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करा आणि सिस्टिमचा विचार त्यानंतर.

एक साधी तपासणी आहे. पीसी सुरू झाल्यावर लगेच टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. प्रोसेसर वीस टक्क्यांवर निवांत बसलेला आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोषी सापडला. सिस्टिम सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कला प्रत्येक फाइलसाठी काटा हलवून तबकडीवरच्या त्या जागी पोचावं लागतं, आणि सेकंदाला साधारण शंभरेक जागांपलीकडे तिची मजल जात नाही. साधी साटा (जुन्या पीसींतल्या नेहमीच्या जोडणीची) एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो जागा वाचते. म्हणून चार मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडतो, तोही प्रोसेसर न बदलता.

घरगुती कामाला २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी पुरते. डेस्कटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी तशीच राहू द्या. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तिच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवून त्यात जुनी डिस्क ठेवता येते.

दुसरा खर्च रॅमवर. ४ जीबीची ८ जीबी झाली की ब्राउझर मोकळा श्वास घेतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले आहेत, त्यामुळे जुन्या डीडीआर३ प्रकारच्या रॅमसाठी नव्याचा आग्रह धरू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या रिपेअरवाल्याकडे वापरलेली रॅम मिळते. फक्त चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना कमी व्होल्टेजची, 'डीडीआर३एल' लिहिलेली रॅम लागते. साधी डीडीआर३ बसवली की स्क्रीन काळी राहते आणि माणूस मदरबोर्ड गेला समजतो.

मग नेमकी कोणती सिस्टिम टाकू? एकच नाव सांगा.

एकच सांगायचं तर लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. लिनक्स ही विंडोजऐवजी टाकता येणारी सिस्टिम, मिंट हा तिचा एक प्रकार आणि एक्सएफसीई हे मिंटचं हलकं रूप. फुकट आहे, विंडोज ७ किंवा १० वापरलेल्या माणसाला डाव्या कोपऱ्यातला मेनू आणि खालची पट्टी ओळखीची वाटते, आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. ती स्वतः साधारण एक जीबी रॅमच्या आत-बाहेर राहते, बाकीची तुमच्या ब्राउझरला मिळते.

८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती घ्या. दिसायला अधिक नेटकी आहे, आणि एवढ्या सामानावर तिचा भार जाणवत नाही. ४ जीबीवर एक्सएफसीई. २ जीबीवर एक्सएफसीई बसते, पण यूट्यूब आणि जीमेल एकत्र उघडले की धाप लागते. तिथे लुबुंटू किंवा अँटीएक्स या आणखी हलक्या लिनक्स बघाव्या. हलकी सिस्टिम वेबसाइटला हलकं करू शकत नाही. आजची बँकेची किंवा बातम्यांची साइट शेकडो एमबी खाते, मग खाली सिस्टिम कुठलीही असो. २ जीबीच्या मशीनकडून एका वेळी एक-दोन टॅबपलीकडे अपेक्षा ठेवू नका.

३२ बिटवाल्यांची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरवाल्यांची, वाट अरुंद होत चालली आहे. २००८ ते २०१० च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकांमधले ॲटम एन२७० सारखे प्रोसेसर ६४ बिट सिस्टिम चालवूच शकत नाहीत. मिंटने २० व्या आवृत्तीपासून ३२ बिट सोडलं. डेबियन ही आणखी एक लिनक्स, तिच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. अशा मशीनला डेबियन १२ किंवा तिच्यावर बेतलेली अँटीएक्स २३ घालता येते. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. पत्रं लिहायला, गाणी ऐकायला, नातवंडांना टायपिंग शिकवायला ते मशीन चालेल. कोअर २ ड्युओ मात्र ६४ बिट आहे, त्यामुळे तुमच्या जुन्या विंडोजवर '३२ बिट' लिहिलेलं असेल तरी प्रोसेसर आधी तपासा. कित्येक दुकानदारांनी ६४ बिट मशीनवरही ३२ बिट विंडोज घालून दिलेली असते.

क्रोमओएस फ्लेक्स कशी आहे?

ही गूगलची सिस्टिम. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्याच्यासाठी उत्तम. किमान ४ जीबी रॅम लागते. यात प्ले स्टोअर नाही, म्हणजे मोबाइलची ॲप चालणार नाहीत, आणि ही गोष्ट बहुतेकांना बसवून झाल्यावर कळते. इंटरनेट वारंवार जाणाऱ्या गावात मी ही सुचवत नाही.

सी-डॅकची बॉस लिनक्स का नाही?

बॉस ही सी-डॅक या सरकारी संस्थेची, डेबियनवर उभी असलेली सिस्टिम आहे, आणि भारतीय भाषांची सोय हा तिचा मुख्य हेतू. मराठी मेनू हवे असणाऱ्यांनी जरूर बघावी. तरी घरच्या पीसीसाठी मी मिंट सांगतो, कारण काही अडलं तर मिंटचं उत्तर शोधल्यावर लगेच सापडतं. नव्या माणसाला त्याचीच गरज सगळ्यात जास्त असते.

लिनक्सवर मराठी टाइप करता येतं का? माझी कामं श्रीलिपीत आहेत.

युनिकोड मराठीची, म्हणजे मोबाइलवर आणि वेबसाइटवर दिसते त्या मराठीची, काहीच अडचण नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट हा मराठी कळांचा प्रमाणित कीबोर्ड लगेच मिळतो. मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन हे जोडसॉफ्टवेअर टाका, उच्चारानुसार टाइप करता येतं. सवय मात्र थोडी बदलावी लागते, कारण मोबाइलसारखी शब्दांची सूचना तिथे मिळत नाही. अक्षरं तुटक दिसली तर नोटोचे देवनागरी फॉन्ट टाका.

श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमधली कामं वेगळी. त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की 'महाराष्ट्र' च्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. तुमचा छपाईचा किंवा दस्तलेखनाचा व्यवसाय पेजमेकर आणि श्रीलिपीवर चालत असेल तर विंडोज सोडू नका. फक्त जुनी पत्रं, कविता, वंशावळ वाचायची असेल, तर विंडोज पुसण्याआधी त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येकीची एक पीडीएफ करून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक ते टाळतात. पण आजोबांनी टाइप करून ठेवलेली कुळाची माहिती एकदा वाचता येईनाशी झाली की ती सोडवायला माणूस मिळत नाही.

टॅली, डिजिटल सही, प्रिंटर?

टॅली विंडोजचीच आहे. लिनक्सवर ओढूनताणून चालवायचा खटाटोप धंद्याच्या हिशेबासाठी करू नये. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनाही हाच सल्ला. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण सरकारी पोर्टलांवरची सही करायची जोडसॉफ्टवेअरं बहुधा विंडोजवरच नीट चालतात, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी त्यावर प्रयोग करण्यात हशील नाही. नुसतं आयकर विवरण भरून आधार ओटीपीने पडताळणी करायची असेल तर टोकन लागत नाही, कुठलाही ब्राउझर पुरतो.

प्रिंटरचं मॉडेलवर अवलंबून आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर चांगले चालतात. लेझरजेट १०२० सारख्या काहींना एकदा इंटरनेटवरून एक प्लगइन उतरवून द्यावं लागतं, ते न केल्यास प्रिंटर दिसतो पण कागद बाहेर येत नाही. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरना आणि ब्रदरला कंपनीचेच लिनक्स ड्रायव्हर आहेत. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी आहे. तो कॅननच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीने बोलतो आणि नव्या लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं नवख्याचं काम नाही. घरात तोच असेल आणि रोज छपाई असेल, तर निर्णयात त्याला पहिला मान द्या.

सातबारा, डिजिलॉकर, नेट बँकिंग चालेल का?

हो. ही सगळी कामं फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये होतात. सातबाऱ्याची डिजिटल सहीची पीडीएफ उतरते आणि छापताही येते.

दुकानदार म्हणतो, 'लाइट विंडोज' टाकून देतो, फुकटात ॲक्टिव्हेट करून. टाकू का?

नको. कुणीतरी विंडोजमधले भाग कापून बनवलेली ती फाइल असते. त्याने काय काढलं आणि काय घातलं, हे ना दुकानदाराला माहीत असतं ना तुम्हाला. पुष्कळदा अपडेट आणि डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस हेच काढलेले असतात, म्हणून ती हलकी वाटते. ॲक्टिव्हेट करणारं जोडसॉफ्टवेअर चालवण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलं जातं, यातच सगळं आलं. पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअरं याच वाटेने घरात शिरतात. ज्या पीसीवर आयुष्याची ठेव दिसते, त्यावर हे घालू देऊ नका. दुकानदाराला त्याच्या मेहनतीचे पैसे द्या आणि मिंट बसवून मागा.

आत्ताची विंडोज न पुसता लिनक्स बघता येईल का?

येते, आणि तसंच करावं. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवा, ती तीन जीबीच्या आसपास भरते. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर ती पेनड्राइव्हवर चढवतं. त्यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. पीसी बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावी लागते.

मिंट थेट पेनड्राइव्हवरून उघडेल. डिस्कला हात लागलेला नसतो. आता तासभर सगळं तपासा. वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, लॅपटॉप झोपवून परत उठवा, प्रिंटरवर एक पान काढा. जुन्या ब्रॉडकॉम चिपचं वायफाय सुरुवातीला दिसत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. पेनड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालतं, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवू का?

टॅलीसारखं कारण असेल तर ठेवा. आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या भागात काही साठवता येत नाही. कारण नसेल तर दोन सिस्टिमचा पसारा नको, घरातल्या बाकीच्यांचा गोंधळ उडतो.

नवीन सिस्टिम टाकली तरी प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस आहे का?

घड्याळाकडे बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला आहे. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. पीसीच्या मते आज २०१२ साल असेल, तर ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मुख्य वायर काढून जुना सेल अलगद उचला, नवा छापील बाजू वर ठेवून बसवा आणि तारीख लावा. एवढ्या कारणावरून पीसी टाकून दिलेली माणसं आहेत.

आई-बाबांच्या पीसीसाठी काही खास?

अक्षरं मोठी करा. डेस्कटॉपवर चारच चिन्हं ठेवा आणि त्यांना मराठी नावं द्या, 'बँक', 'फोटो', 'सातबारा', 'गाणी' अशी. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्समध्ये टाका, कारण ज्येष्ठांची फसवणूक पुष्कळदा 'तुमच्या पीसीत व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशा जाहिरातीतूनच सुरू होते. मिंटमध्ये टाइमशिफ्ट चालू करून ठेवा. काही बिघडलंच तर सिस्टिम मागच्या आठवड्याच्या स्थितीत नेता येते. आणि पहिले काही दिवस शेजारी बसा. नवीन चिन्हांपेक्षा 'आपल्या हातून काही बिघडेल' या भीतीचाच त्यांना जास्त त्रास होतो.

नाद कधी सोडावा?

मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील, पीसी मधेच बंद पडत असेल, किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर सिस्टिम बदलून काही होणार नाही. फुगलेली बॅटरी लगेच काढून घ्या, ती धोक्याची आहे. रॅम २ जीबीच्या पुढे वाढतच नसेल आणि घरात ऑनलाइन शिकणारं मूल असेल, तरीही त्या मशीनवर खर्च करू नका. तेवढ्यात कंपन्यांमधून निघालेला आठव्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप बघावा.

जुना पीसी देताना डिस्क आपल्याकडेच ठेवा. नुसती फाइल डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट मारल्याने हार्ड डिस्कवरची माहिती जात नाही, बऱ्याचदा परत काढता येते. डिस्क चालू असेल तर यूएसबीच्या केसमध्ये घालून फोटोंच्या बॅकअपला वापरा. बाकीचं सामान भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर द्या.